फोडणीला वाजतो, सोल्डरला नाही

आइंडहोवन,
रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

व्हिडिओ कॉलवर आई सारखी विचारते, "मागे तो धूर कसला गं?" म्हणून एकदाचं सविस्तर लिहिते. आम्ही तिघं धडधाकट आहोत. निखिलच्या दोन बोटांना मलम लावलंय, पण त्याची हकीकत पुढे.

सुरुवात झाली २७ एप्रिलला. त्या दिवशी इथल्या राजाचा वाढदिवस, आणि तो साजरा करायची पद्धत म्हणजे अख्ख्या देशाने नारिंगी कपडे घालून घरातली अडगळ रस्त्यावर विकायला बसणं. सईने एका पोराकडून दहा युरोत जुना गेमबॉय घेतला. १९८९ साली निघालेलं मॉडेल, चार पेन्सिल सेल लागतात. इतकं वय झाल्यावर आपलेही गुडघे बोलतात. त्याच्या पडद्यावरच्या काही उभ्या रेघा गायब होत्या. खेळातला माणूस पळता पळता मध्येच अर्धा नाहीसा व्हायचा.

पुण्यात असतो तर पासोड्या विठोबाजवळ नेऊन दिला असता, "परवा या" ऐकून तीनदा परत आलो असतो आणि काम झालं असतं. इथे दुरुस्तीवाला वस्तू नुसती बघायचे जे मागतो, त्यात नवी येते. त्यावर तोडगा म्हणजे रिपेअर कॅफे. मार्टिने पोस्टमा नावाच्या बाईंनी पहिला भरवला २००९ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला. आता आमच्या वस्तीच्या सभागृहातही भरतो. कॉफी मिळते, केकही मिळतो, आणि हे गाव पडलं फिलिप्सचं, १८९१ पासूनचं, त्यामुळे कारखान्यातून निवृत्त झालेले आजोबा मिळतात.

आमच्या वाट्याला आलेल्या आजोबांनी एकही वस्तू स्वतः दुरुस्त केली नाही. सोल्डरिंग आयर्न सईच्या हातात दिलं आणि हात मागे बांधून उभे राहिले. बाबा, तुम्ही मला सायकल अशीच शिकवलीत, फक्त तुम्ही ओरडायचात.

आधी एका फुकट गेलेल्या बोर्डावर सराव. नवशिका काय करतो, तर सोल्डरची तार आयर्नच्या टोकावर वितळवतो आणि तो थेंब जोडावर नेऊन थापतो. मग होतो मळकट गोळा, म्हणजे आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला ड्राय सोल्डर म्हणतात तो. दिसायला जोड, कामाला शून्य. खरं म्हणजे आयर्न टेकवायचं ते पिनेला आणि बोर्डावरच्या तांब्याला, दोन्हींना एकदम. क्षणभर थांबायचं, मग पलीकडून तार लावायची. ती आपोआप आत ओढली जाते. पिनेभोवती चकचकीत उतार दिसला की पास. हे फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "त्यात काय, कल्हईच की!" आई, तू शंभर टक्के बरोबर आहेस. भांडं तापवायचं, नवसागराने साफ करायचं, मग कथील फिरवायचं. इथेही मुख्य धातू कथीलच, आणि नवसागराच्या जागी तारेच्या पोटात भरलेली राळ. धूर येतो तो त्या राळेचा. तो छातीला चांगला नाही, म्हणून घरी सराव करताना खिडकी उघडी असते आणि आम्ही स्वेटर घालून बसतो.

शिशाचं म्हणशील तर युरोपात नव्या उपकरणांतल्या सोल्डरमधून ते १ जुलै २००६ पासून जवळजवळ हद्दपार आहे. पण गेमबॉय त्याआधीचा, म्हणून पोळीला हात लावण्यापूर्वी साबण सक्तीचा. शिशाचं सोल्डर १८३ अंशांना वितळतं, बिनशिशाचं सुमारे २१७ला. त्यामुळे जुने बोर्ड नवशिक्यांना लवकर दाद देतात.

निखिलचं सांगायचं तर त्याने भिंगाचा दिवा, चिमटे, पितळी काथ्या, धूर ओढणारा पंखा, सगळं मागवून टेबलावर रुखवतासारखं मांडलं. चौदा वर्षं संगणकावर काम केलेल्या माणसाला चूक केली की मागे जाता येतं अशी सवय असते. साडेतीनशे अंशांचं आयर्न निसटलं, त्याने ते प्रेमाने झेललं. आता नियम असा, की पडणाऱ्या आयर्नकडे फक्त बघायचं.

गेमबॉयची शस्त्रक्रिया सईने केली. पडद्याच्या काचेला खालून एक पातळ पट्टी चिकटवलेली असते, तिच्यातून रेघांना आज्ञा जाते. वर्षानुवर्षांनी ती सैल होते. यंत्र चालू ठेवून त्या पट्टीवरून कमी तापमानाचं आयर्न हलकेच फिरवायचं. एकेक रेघ परत आली तसे आजोबा डच भाषेत काहीतरी पुटपुटले. सई म्हणते देवाचं नाव होतं, मला शंका आहे.

या मॉडेलला मुळात आतून दिवाच नसतो, पांघरुणात खेळता येत नाही. म्हणून आता सईला पडद्यामागे दिव्याचा पत्रा बसवायचाय. त्यासाठी मागचा चंदेरी थर खरवडावा लागतो आणि काच तडकली की खेळ खलास. मी परवानगी दिलेली नाही. निखिलने दिली आहे.

बाबा, माळ्यावरचा व्हॉल्व्हचा रेडिओ आमच्यासाठी उघडून ठेवतो म्हणालात, ते कृपा करून करू नका. त्याच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा विद्युतदाब उरू शकतो. डिसेंबरात आम्ही आल्यावर बघू, तोवर त्याच्यावर दादाची क्रिकेटची बॅग राहू दे.

आणि आई, इथे २०२२ पासून घराच्या प्रत्येक मजल्यावर धुराचा भोंगा लागतो, कायदाच आहे. इतके दिवस सोल्डर मारतोय, तो गप्प. काल कांदेपोह्यांची फोडणी टाकली, तर शेजारचे गृहस्थ धावत आले.

सर्वांना नमस्कार, छोट्यांना आशीर्वाद.

तुमची,
मेघना

ता. क. भाजणीचं पार्सल पाठवशील तर समोरच्या बाईंच्या पत्त्यावर पाठव. आमची दाराची बेल निखिलने 'सुधारायला' काढली आहे.