कॅमेरा विकणारे नाना

संग्रहालयाच्या समितीने अप्पांचा कॅमेरा विकायची जबाबदारी एकमताने नानांवर टाकली, तेव्हा नाना बैठकीला हजर नव्हते. हजर असते तर ठराव झालाच नसता. पण इतिवृत्तात नाव एकदा चढलं की नाना ते कागदाचं ब्रह्मवाक्य मानतात. सारी नोकरी भूमिअभिलेख खात्यात गेलेली. तेव्हा त्यांनी काम अंगावर घेतलं, विक्री उपसमिती नेमली, तिचा शिक्का करून घेतला, आणि कॅमेरा कुणालाही विकला जाणार नाही याची मनापासून काळजी घ्यायला लागले.

आधी संग्रहालयाविषयी. घाटाखालच्या आमच्या गावात जुन्या शाळेच्या दोन खोल्या आहेत. त्यांत अप्पांची दुर्बीण, काठी, टाचा झिजलेले बूट, डायऱ्या आणि हा कॅमेरा. रानाविषयी लिहिणारे हे आमचे अप्पा म्हणजे मोठं नाव. ते इथे देत नाही, कारण नानांची तशी सक्त ताकीद आहे. नाव छापलं तर गिऱ्हाइकं वाढतील, असं त्यांचं म्हणणं. वर मंगलोरी कौलं आहेत, निम्मी फुटलेली. पावसाळ्यात डायऱ्या कपाटातून काढून नानांच्या घरी माळ्यावर न्याव्या लागतात. कौलारू काम नव्याने करायचं तर दीडेक लाख हवेत आणि विकण्यासारखी वस्तू एकच.

कॅमेरा रोलिकॉर्ड. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या फ्रँके आणि हायडेके कंपनीचा, 1950 च्या दशकातला. दोन डोळ्यांचा. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो निघायचा. पोटाशी धरून मान खाली घालून काचेत पाहायचं आणि त्या काचेत उजव्याचं डावं दिसायचं. पाखरू डावीकडे उडालं की काचेत ते उजवीकडे जायचं. अप्पांच्या सुरुवातीच्या अल्बमात पाखरांपेक्षा नुकत्याच रिकाम्या झालेल्या फांद्या जास्त आहेत, त्याचं कारण हे. एका रोलमध्ये फोटो बारा. भिंग 75 मिलिमीटरचं, बदलता न येणारं, त्यामुळे लांबचं जनावर ठिपक्याएवढं. अप्पांच्या एका गाजलेल्या फोटोत बिबट्या आहे. तो नेमका कुठे आहे हे नानांनी लाल शाईच्या बाणाने दाखवलंय. शेजारी दुसऱ्याच कुणीतरी दुसरा बाण काढलाय, आणि त्यावरून गावात दोन तट आहेत.

असा कॅमेरा जुन्या बाजारात काही हजारांत मिळतो. वरची किंमत अप्पांच्या नावाची. म्हणजे कॅमेरा त्यांचाच, हे सिद्ध करणं आलं. इथे पहिली पंचाईत अशी की अप्पांच्या आयुष्यातल्या एकाही फोटोत हा कॅमेरा नाही. कसा असेल? फोटो तोच काढत होता! नानांनी साऱ्या प्रिंटा भिंगाखाली तपासून शेवटी एक शोधून काढली. कातळावर उन्हं कललेली, खाली फोटो काढणाऱ्याची सावली. डोकं खाली झुकलेलं, हात पोटाशी. ‘डोळ्याला लावायचा कॅमेरा असता तर सावलीला कोपरं फुटली असती,’ नाना म्हणतात. पुरावा बिनतोड आहे. फक्त तो पटायला समोरच्याला अर्धा तास उन्हात उभं राहावं लागतं, कारण नाना प्रात्यक्षिक दाखवतात.

दुसरा पुरावा कॅमेऱ्याच्या बुडावर आहे. 2022 साली जर्मनीतल्या व्हेट्झलारला लायकाचा एक कॅमेरा लिलावात 1 कोटी 44 लाख युरोंना गेला. तो लायकाचा जनक ऑस्कर बार्नाक याचा स्वतःचा, वर त्याचं नाव कोरलेलं. ही बातमी नानांनी संग्रहालयाच्या फलकावर लावली आणि त्या हिशेबाने कौलांबरोबर कुंपणाची भिंत, पाण्याची टाकी आणि पुतळा असा आराखडाही करून टाकला. आपल्याही कॅमेऱ्यावर नाव आहे, हा त्यांचा आधार. नाव आहे खरं. पण ते काकूंचं, म्हणजे अप्पांच्या बायकोचं. घरात नवं पातेलं आलं की काकू भांड्यांच्या दुकानात जाऊन नाव घालून आणायच्या. त्याच फेरीत कॅमेराही नेला. बुडाच्या पत्र्यावर टिंबाटिंबांनी ‘सौ.’पासून गावाच्या नावापर्यंत सगळं कोरलंय. एका गिऱ्हाइकाने अगदी नम्रपणे विचारलं, ‘म्हणजे कॅमेरा बाईंचा होता का?’ नाना उसळले. ‘पातेल्यांवरही त्यांचंच नाव आहे. म्हणून अप्पा काय त्यात जेवले नाहीत?’

गिऱ्हाइकांची वर्दळ तशी बरी होती. मुंबईचा एक संग्राहक आला, जाणकार माणूस. त्याने शटर दाबून पाहिलं. एक सेकंदाचं शटर उघडलं आणि उघडंच राहिलं. आतलं तेल सुकलं की जुन्या शटरचं असं होतं, साफ करून घेता येतं, असं तो म्हणाला. मग भिंग उजेडाकडे धरलं. आत कोळिष्टकासारखी बुरशी. आमच्याकडच्या पावसात भिंगांना ती धरतेच. ‘हीसुद्धा काढता येईल,’ तो म्हणाला. नानांनी कॅमेरा हळूच त्याच्या हातातून काढून घेतला.

‘ती बुरशी अप्पांच्या वेळची आहे.’

‘हो, पण भिंग खाते ती.’

‘अप्पांनी कधी हाकलली नाही तिला. आपण कोण?’

संग्राहक चहा न घेता गेला. चहा त्याला विचारलाही नव्हता, पण इतिवृत्तात ‘न घेता’ अशीच नोंद आहे.

मग रिसॉर्टवाला आला. त्याला कॅमेऱ्याची माहिती नको होती, शटर नको, सावली नको. काउंटरमागे फळीवर ठेवायला ‘विंटेज लूक’ हवा होता, आणि पैसे रोख द्यायची तयारी होती. नानांनी विचारलं, फळीवर आणखी काय काय असतं? त्याने प्रामाणिकपणे बाटल्यांची नावं सांगितली. तेवढ्यावर बोलणं संपलं असतं, पण नाना कुणाला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. त्यांनी त्याला जिम कॉर्बेट सांगितला. वाघाची फिल्म घेताना यंत्राच्या घरघरीने वाघ बिचकतात, म्हणून या माणसाने रानातला ओढा अडवून पाण्याची खळखळ वाढवली, त्या आवाजात कॅमेरा लपवला. त्याचं कुमाऊँच्या नरभक्षकांवरचं पुस्तक 1944 साली आपल्या मुंबईतच निघालं आणि त्या पहिल्या आवृत्तीची कमाई त्याने युद्धात आंधळ्या झालेल्या हिंदी सैनिकांसाठी देऊन टाकली. ‘चांगल्या कामासाठी पुस्तक विकावं,’ नाना म्हणाले, ‘कॅमेरा नव्हे.’ रिसॉर्टवाल्याने घड्याळ पाहत विचारलं, मग अप्पांची पुस्तकं विका की. तर ती बाजारात मिळत नाहीत. एकेक प्रत उरलीय, तीही नानांकडे.

यानंतर नानांनी अर्जाचा छापील नमुना केला. तो पुढेमागे प्रशासनाच्या अभ्यासकांना उपयोगी पडावा. अर्जदाराने अप्पांची किती पुस्तकं वाचली? विकत घेऊन की मागून? मागून असल्यास परत केली का? भेकर आणि चितळ यांतला फरक स्वतःच्या शब्दांत लिहा. कॅमेरा घरात कोणत्या दिशेला तोंड करून ठेवणार? पावसाळ्यात आर्द्रतेपासून जपण्याची काय व्यवस्था? हा शेवटचा प्रश्न गळक्या छपराखाली बसून टंकलेला आहे. नमुन्यावर थेंबांचे डाग दिसतात.

आणि एवढं करून अर्ज आलाच तर कायदा आहे. 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षं झालेली वस्तू पुरातन ठरते, ती खाजगी माणसाला परदेशी नेता येत नाही. कॅमेऱ्याला अजून तीसेक वर्षं अवकाश आहे. दुसरा कुणी म्हणाला असता, तोवर विकून मोकळे होऊ. नाना म्हणतात, एवढी थांबलीय वस्तू, आणखी थोडी थांबू दे. नोकरीत त्यांनी दोन भावांच्या बांधाची मोजणी अशीच थांबवली होती. निकाल लागेपर्यंत भाऊ एक झाले. कधी कधी मला वाटतं, या देशात जे काही जुनं शिल्लक राहिलंय ते कुणाच्या दूरदृष्टीपेक्षा अशा अडेलतट्टूंमुळेच.

एक गिऱ्हाईक मात्र नानांना पुरून उरलं. ब्राउनश्वाइगलाच नोकरी करणारा सांगलीचा इंजिनियर. त्याने अर्ज भरला. सगळी पुस्तकं वाचलेली, दोन मागून आणलेली, परत केल्याच्या तारखांसह. भेकरावर दीड पान. किंमतही अशी की छप्पर होऊन वर संडासाचं दार बसलं असतं. शेवटी त्याने कॉर्बेटच नानांवर उलटवला. चंपावतची वाघीण मारल्याबद्दल 1907 साली त्याला मिळालेली रिग्बी रायफल त्याच्यामागे प्रकाशकाकडे गेली होती. 2015 साली ती बनवणाऱ्या रिग्बी कंपनीनेच विकत घेतली. मग हा कॅमेराही आपल्या गावी गेला तर काय बिघडलं?

नाना दोन दिवस जेवले नाहीत नीट. मग कळवलं, बयाणा पाठवा.

गावात पेढे वाटायचे बाकी होते. बयाण्याचे पाच हजार आले आणि कौलं बसवणाऱ्याला निरोप गेला. तेवढ्यात नानांच्या हाती आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेची आचारसंहिता लागली. तीत स्वच्छ लिहिलंय की संग्रहातली वस्तू विकून आलेला पैसा संग्रहासाठीच वापरावा. छप्पर म्हणजे संग्रह नव्हे. समितीत खडाजंगी झाली. छपराखाली जे आहे तो संग्रह, छप्पर गेलं की तोही जाईल, असं आम्ही पोटतिडकीने सांगितलं. नाना म्हणाले, भावना समजतो, पण कलम असं आहे. पुढच्याच रविवारी ते पुण्याला जुन्या बाजारात गेले आणि बयाण्याच्या पैशातून रोलिकॉर्डची अस्सल कातडी पेटी घेऊन आले. पट्ट्यासकट. कॅमेरा तीत असा बसला की जणू तो तिच्यासाठीच थांबला होता. नोंदवहीत पेटीला नवा क्रमांक पडला.

ब्राउनश्वाइगहून पत्र आलं. अभिनंदन, फोटो पाहिला, पेटी फारच सुंदर आहे, ती किमतीत धरली आहे ना?

नानांनी उलट टपाली कळवलं की पेटी संग्रहालयाची मालमत्ता असून तिच्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागेल. नमुना सोबत जोडला आहे.