बॅटरी बदला, बाकी नंतर बघू

डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागलाय? अभिनंदन. अल्टरनेटरचं, म्हणजे गॅरेजच्या भाषेत डायनमोचं निदान आता तुमच्या हातात आहे.

१. दिव्याकडे बघू नका. फारच डोळ्यांत येत असेल तर वर गणपतीचं स्टिकर लावा.

२. सकाळी सेल्फ मारल्यावर नुसतं टकटक वाजलं की वॉचमनला धक्का मारायला बोलवा. गाडी सुरू झाली म्हणजे दुरुस्त झाली.

३. नवी बॅटरी घ्या. जुनी लगेच एक्स्चेंजमध्ये देऊन टाका, नाहीतर ती चांगली होती हे कळेल आणि जिवाला लागेल. चार दिवसांत नवीही उतरेल. हा टप्पा पैसे असेपर्यंत करत राहा.

४. आता जाणकारांची परीक्षा. इंजिन चालू ठेवून बॅटरीची टर्मिनल उपसा. बॅटरीचा आधार सुटला की व्होल्टेज उसळतं, डायोड उडतात, कधी ईसीएमही जातो. त्याचं बिल आलं की डायनमोचा खर्च किरकोळ वाटतो, मन शांत होतं.

५. मल्टिमीटर मात्र चुकूनही घेऊ नका. काहीशे रुपयांचा तो डबा सगळा रंग घालवतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.५. चालू गाडीतही काटा १२ वर रेंगाळला तर चार्जिंग नाही. १५ च्या पुढे पळाला तर कटआउट गेला, बॅटरी उकळतेय. दोन मिनिटांत निकाल! मग कट्ट्यावर चर्चा कशाची करणार?

६. बॉनेट उघडू नका. बेल्ट ढिला दिसेल. कार्बन झिजलेत का, असलं काही विचारावंसं वाटेल. अख्खा डायनमो बदलायला निघालेल्या माणसाला हे शोभत नाही.

मी स्वतः हे सगळं मनोभावे केलं. तिसऱ्या बॅटरीनंतर एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनने गाडी चालू ठेवली, मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला लावली, दुसरी इंजिनच्या अंगाला. तिथे जवळपास शून्य हवं. आलं दीड व्होल्ट. डायनमो ठणठणीत होता, अर्थिंगची पट्टी सैल होती.

नट दहा नंबरचा. तिसऱ्या बॅटरीची वॉरंटी अजून शिल्लक आहे.