अनुपस्थितीजन्य कृतज्ञता : एक प्राथमिक विवेचन

एखादी वस्तू, सेवा किंवा व्यक्ती हाताशी असेपर्यंत जी भावना मनात उमटत नाही आणि ती नाहीशी होताच जी उसळून वर येते, तिला सोयीसाठी ‘अनुपस्थितीजन्य कृतज्ञता’ म्हणता येईल. महाराष्ट्रातील शहरी मध्यमवर्गात या भावनेची सर्वांत मोठी लाट २०२०च्या मार्च महिन्यात आली. २२ मार्चच्या जनता कर्फ्यूत, आरोग्यसेवेतील आणि इतर अत्यावश्यक कामांतील माणसांचे आभार मानण्यासाठी संध्याकाळी पाच वाजता गॅलऱ्यांतून थाळ्या वाजल्या, तेव्हा ती फारशी खोल नव्हती. कारण थाळी वाजवणाऱ्याला अद्याप ती घासावी लागत नव्हती. २५ मार्चला, म्हणजे ऐन गुढीपाडव्याला, एकवीस दिवसांची टाळेबंदी सुरू झाली, घरकामाच्या मावशींचे येणे थांबले आणि श्रीखंडाच्या वाट्या मोरीत साचू लागल्या, तेव्हा मात्र कृतज्ञतेला खरी भरती आली.

घरकामातील कौशल्य दुसऱ्याच्या हाती असते तोवर ते कौशल्य वाटतच नाही, हा या संदर्भातील पहिला निष्कर्ष होय. केर काढण्याचेच उदाहरण घेतले तर, घरातील पदवीधर, क्वचित पदव्युत्तर पुरुषाने केर सुपलीत ओढला की तिच्या कडेशी धुळीची एक बारीक रेघ उरते. सुपली चार बोटे मागे घेऊन तो पुन्हा झाडू मारतो, तेव्हा रेघही चार बोटे मागे सरकते. आणि हा क्रम भिंत लागेपर्यंत, किंवा कोणी पाहत नाही अशी खात्री करून ती रेघ पायपुसण्याखाली ढकलेपर्यंत चालतो. मावशी हेच काम ओल्या फडक्याच्या एका फटकाऱ्यात उरकत असत आणि केर काढण्याआधी पंखा बंद करायचा असतो हेही त्यांना सांगावे लागत नसे. तरीही ‘कोपरे नीट निघत नाहीत’ हा शेरा त्यांना वर्षानुवर्षे ऐकावा लागला होता. एप्रिल उजाडेपर्यंत कोपऱ्यांचा विषय बहुतेक घरांत एकमताने दप्तरी दाखल झाला.

दुसरा निष्कर्ष असा की, ज्याच्याविषयी तक्रार अधिक, त्याचीच उणीव अधिक जाणवते. मार्चअखेरीस मुंबई-पुण्यात वर्तमानपत्रे घरोघर पोहोचेनाशी झाली, तेव्हा ‘हल्ली पेपरात काही नसते’ असे रोज म्हणणारेच सर्वाधिक बेचैन झाले. मोबाइलवर पीडीएफ येत असे, पण ती मांडणीवर अंथरता येत नव्हती आणि रद्दीतही घालता येत नव्हती. केशकर्तनालये राज्यात २८ जूनपासून पुन्हा उघडली खरी, परंतु परवानगी केस कापण्यास होती, दाढीस नव्हती. त्यामुळे जो न्हावी फार बोलतो म्हणून टाळला जात असे, त्याच्यासमोर माणसे निम्म्या सेवेसाठीही कृतकृत्य होऊन बसली, कारण तोवर घरातील शिवणाच्या कात्रीचा अनुभव त्यांच्या गाठीशी जमा झाला होता.

मुंबईची लोकल हे याच नियमाचे ठळक उदाहरण होय. रोज सुमारे पाऊण कोटी प्रवासी वाहणारी ही सेवा २२ मार्चच्या मध्यरात्री थांबली. १५ जूनपासून ती केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली. या काळात घरच्या सोफ्यावर ऐसपैस बसलेल्या चाकरमान्याला ‘चौथ्या सीट’ची, म्हणजे तिघांच्या बाकावर ‘जरा सरकून घ्या’ म्हणत मिळवलेल्या आणि अर्ध्याच देहाला पुरणाऱ्या वीतभर जागेची, हुरहूर लागली. पुढे १५ ऑगस्ट २०२१पासून लसीच्या दोन्ही मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकलची दारे खुली झाली, आणि यथावकाश त्याच वीतभर जागेवरून पूर्ववत भांडणेही सुरू झाली.

येथे या भावनेचा मुख्य दोष उघड होतो, तो असा की, ती गैरसोयीच्या प्रमाणात वाढते, गैरसोय संपताच ओसरते आणि जिला पोहोचायला हवी त्या व्यक्तीपर्यंत क्वचितच जाते. मावशींच्या आठवणीने ज्या घरांत गळे दाटून आले, त्यांपैकी काहींनी त्यांना घरबसल्या पूर्ण पगार दिला, काहींनी अर्धा दिला आणि काहींनी ‘काळजी घ्या’ एवढाच निरोप दिला. यांतील कोणती कृतज्ञता अस्सल, हे ठरवण्यासाठी वेगळ्या संशोधनाची गरज नाही.

म्हणून गृहीत धरणे हा मूळ आजार मानला, तर त्यावर अनुपस्थितीची अल्प मात्रा लसीसारखी नियमित टोचून घेणे हाच व्यवहार्य उपाय दिसतो. मावशींना आठवड्यातून एक दिवस भरपगारी रजा द्यावी आणि त्या दिवशीची भांडी घरातील सर्वांत जास्त शेरे मारणाऱ्या सदस्याने घासावीत. कंबर किंचित धरणे आणि एक-दोन कपांचे कान तुटणे हे या लसीचे सौम्य दुष्परिणाम असून त्यांसाठी वैद्यकीय सल्ल्याची आवश्यकता नसते. मात्र मात्रा चुकल्यास कोपऱ्यांविषयीची तक्रार पुन्हा उद्भवते.