जे २७०४ साहेबांस अनावृत पत्र

राजमान्य राजश्री जे २७०४ साहेब यांस,
स. न. वि. वि.

आपली गाठ रोज रात्री पडते, पण रीतसर ओळख राहूनच गेली. मी पुण्यात रात्रपाळीला बसून अमेरिकेतल्या हॉस्पिटलांच्या बिलांचं कोडिंग करतो. आपण त्या बिलांत प्रोपोफॉल या भुलीच्या औषधाच्या वतीने, त्याचा सांकेतिक क्रमांक म्हणून, हजर असता. दुधासारखं पांढरं हे औषध तिकडे १९८९ साली मान्य झालं, आपण अवतरलात २०१५ मध्ये. उशिरा आलेल्याला मान जास्त, हे आम्हाला लग्नकार्यातून ठाऊक आहेच.

तक्रार मापाची आहे. आपलं एक युनिट, म्हणजे बिलात मोजायचं माप, दहा मिलिग्रॅमचं. वीस मिलिलिटरच्या कुपीत दोनशे मिलिग्रॅम, म्हणजे युनिट वीस. इथवर ठीक. पण आपले शेजारी! मिडॅझोलॅमचे जे २२५० दर मिलिग्रॅमला एक. फेंटॅनिलचे जे ३०१० दर ०.१ मिलिग्रॅमला एक, आणि डॉक्टर लिहिणार मायक्रोग्रॅममध्ये. २०२३ मध्ये आलेले ब्युपिव्हकेनचे जे ०६६५ तर अर्ध्या मिलिग्रॅमवर अडून बसलेत. अर्ध्या टक्क्याच्या दहा मिलिलिटरचे त्यांचे शंभर युनिट होतात. जुना भुसारवाला तांदूळ पायलीने आणि तूप शेराने द्यायचा खरा, पण माप तोच भरायचा आणि पैसेही तोच मोजायचा. इथे टोचतो एक, लिहितो दुसरा, मोजतो सातासमुद्रापलीकडचा तिसरा. माझा डोळा लागला आणि युनिटच्या रकान्यात मिलिग्रॅमच टाकले, की विसाचे दोनशे. कागदोपत्री त्या माणसाला दोन ग्रॅम प्रोपोफॉल गेलेलं असतं. तो मात्र केव्हाच घरी जाऊन सूप पीत बसलेला.

बरं, एवढं मोजून आपल्या पदरात काय? मेडिकेअर या तिकडच्या सरकारी विम्याच्या बाह्यरुग्ण हिशेबात आपलं मोल शस्त्रक्रियेच्याच रकमेत धरलेलं. वेगळा छदामही नाही. तरी आपल्याला गाळायची सोय नाही, कारण पुढचे दर याच बिलांवरून बांधले जातात. म्हणजे आपण अहेर न मिळणारे, पण यादीत नाव हवंच असलेले व्याही. (आमच्या पगाराचंही बरंचसं असंच आहे, पण तो विषय वेगळा.)

विनंती एवढीच, की शेजाऱ्यांना एकत्र बोलवा आणि एकच माप ठरवा. एक मिलिग्रॅम म्हणा, दहा म्हणा, माझी हरकत नाही. उत्तराची घाई नाही. पाठवलंत तर किती युनिटचं आहे, तेवढं पाकिटावर लिहा.

आपला,
रात्रपाळीतला एक कोडर