हरकत नाही

नोकरी सांभाळून पीएच.डी. करायची तर आधी लागतं ते कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र. त्यात काय काय असायला हवं ते यूजीसीच्या 2022च्या नियमांनीच ठरवून दिलं आहे. अर्धवेळ शिकायला आमची परवानगी आहे, उमेदवाराच्या कामाचं स्वरूप असं आहे की संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी त्यांना मोकळं करू, अशी तीन कलमं. यातलं मधलं कलम आमच्या क्लार्कभाऊंनी मोठ्याने वाचलं, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "मॅडम, हे तुम्हीच टाइप करून आणा. माझ्याच्याने होणार नाही." मी आणलं. सरकारी रुग्णालयाच्या मेट्रनला पुरेसा वेळ मिळतो, या वाक्याखाली साहेबांची सही झाली, गोल शिक्का बसला. माझ्या प्रबंधाच्या फायलीत निखळ ललित म्हणावं असं हे एकच पान आहे.

वेळेच्या बाबतीत नियम तसे दयाळू आहेत. कमीत कमी 3 वर्षं, जास्तीत जास्त 6, पुनर्नोंदणी केली तर आणखी 2, बाईमाणूस असाल तर अजून 2, म्हणजे ओढूनताणून 10. शिवाय बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा. माझी धाकटी सध्या नोकरी शोधते आहे; तिचं संगोपन 240 दिवसांत आटोपण्यातलं नाही. सासूबाईंचा मोतीबिंदू, पुतण्याचं लग्न आणि पावसाळ्यात डेंग्यूने ओसंडणारा वॉर्ड यांची मात्र नियमांत कुठेच सोय नाही. पन्नाशी उलटल्यावर विद्यार्थिनी झालेल्या बाईचं कॅलेंडर याच तीन गोष्टींनी भरलेलं असतं.

इंग्लंड-अमेरिकेत आमच्यासारख्यांसाठी 'प्रोफेशनल डॉक्टरेट' नावाचा वेगळाच प्रकार आहे. कामावरचाच प्रश्न घ्यायचा, काम चालू ठेवून त्याचा अभ्यास करायचा. आपल्याकडे नर्सिंगमध्ये ती पदवी रुळलेली नाही. आपली पीएच.डी.च, तिच्या मागच्या दाराने अर्धवेळ शिरायचं. माझी एक जुनी सहकारी इंग्लंडमध्ये एनएचएसच्या नोकरीत असताना ती तिकडची डॉक्टरेट करते आहे. रविवारी आमचा फोन होतो. हवामान सोडलं तर दोघींच्या तक्रारी शब्दशः सारख्या.

माझ्या गाईड माझ्याहून बऱ्याच लहान आहेत. बी.एस्सी. नर्सिंगला असताना त्या माझ्या वॉर्डात पोस्टिंगला होत्या, आणि चादरीचे कोपरे नीट खोचले नाहीत म्हणून मी त्यांना तीच कॉट पुन्हा करायला लावली होती, हे त्यांनी पहिल्याच भेटीत हसत हसत सांगितलं. मला काही आठवेना. त्यांना कॉटचा नंबरसुद्धा पाठ होता. आता आम्ही दोघी एकमेकींना मॅडम म्हणतो आणि त्या माझी प्रकरणं लाल शेऱ्यांनी माखून परत पाठवतात. 'एकाच कुशीवर पडून राहिलेल्या रुग्णाला बेडसोअर होतात हे सर्वांना ठाऊक आहे' असं मी लिहिलं, तर समासात शेरा : 'सर्वांना म्हणजे कुणाला? संदर्भ द्या.' पुढच्या पानावर मी 'अनुभवावरून दिसते की' अशी सुरुवात केली होती. तिथे शेरा अजून छोटा : 'अनुभव हा संदर्भ नव्हे.' ज्या वॉर्डात माझी चाहूल लागली की ट्रॉलीवरच्या बाटल्या आपोआप सरळ होतात, तिथे सबंध हयात काढलेल्या बाईला हे वाक्य पचवायला दोन कप चहा लागतो.

त्यांनीच एकदा विचारलं, "मॅडम, पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची. दोनच का?"

आता हा काय प्रश्न झाला? पुस्तकात आहे. आम्हाला तसंच शिकवलं, आम्ही तसंच शिकवलं. या दोन तासांपायी किती पोरींना मी रडवलं असेल! पण पुस्तकात कुठून आलं, हे शोधायला बसले आणि पुरती अडकले. बेडसोअरचा धोका मोजायला आम्ही ब्रेडन स्केल भरतो. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या दोन अमेरिकन नर्सांची ती, 1987 साली छापून आली. सहा मुद्दे, 6 ते 23 गुण, गुण जितके कमी तितका धोका जास्त. यातल्या बर्गस्ट्रॉमबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. अमेरिका-कॅनडातल्या 27 शुश्रूषागृहांमधले 942 वृद्ध घेऊन त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले. एकाची कूस दोन तासांनी बदलायची, दुसऱ्याची तीन, तिसऱ्याची चार. तीन आठवडे पाहिलं. 2013 साली निष्कर्ष आला की तिन्ही गटांत म्हणावा असा फरक नाही.

हे मी रात्री जेवणाच्या टेबलावर वाचलं आणि मला चक्क राग आला. मग बारीक अक्षरांतलं वाचलं. त्यांच्या गाद्या दाट फोमच्या होत्या. आमच्या काथ्याच्या, वर रेक्झिन, मे महिन्यात पाठ चिकटते आणि सोलवटते. म्हणजे त्यांचं उत्तर उचलून आमच्या वॉर्डात आणायचं नाही, पण प्रश्न आणायला काहीच हरकत नव्हती. विषय ठरला तो असा.

पुढची पायरी एथिक्स कमिटी. आयसीएमआरच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे या समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो, एक कायदा जाणणारा असतो आणि एक अगदी सामान्य माणूसही असतो. मी तयारी केली होती ती डॉक्टरांच्या प्रश्नांची. सॅम्पल साइझ पाठ, पी व्हॅल्यू पाठ. सामान्य माणूस म्हणून बसलेले निवृत्त शिक्षक तेवढ्यात म्हणाले, "संमतीपत्रावर सही कोण घेणार?" मी म्हटलं, मीच. ते म्हणाले, "मेट्रनबाईंना पेशंट नाही म्हणेल का हो?"

सभा थोडा वेळ गप्प होती. सबंध समितीत नेमकं मर्म त्या गुरुजींनी धरलं, असं माझं स्पष्ट मत आहे. शेवटी सही समाजसेवा अधीक्षकांनी घ्यायची आणि मी खोलीबाहेर बसायचं असं ठरलं. पहिल्याच दिवशी एक साताऱ्याकडचे आजोबा आले. चारही पानं त्यांनी नातवाकडून वाचून घेतली आणि विचारलं, "यात जमीनबिमीन न्हाई ना लिहून घेत?" नाही म्हटल्यावर, "आन् सही केली न्हाई तर औषध थांबतंय का?" त्याला नाही म्हटल्यावर, "मग ऱ्हाऊ द्या की." मी दाराआड ऐकत होते. दुपारी राउंडला गेले तर आजोबांनी मला मोठ्या मायेने नमस्कार केला आणि गादी बदलून मागितली.

निरीक्षणाची तऱ्हा तर विचारू नका. मी वही घेऊन वॉर्डात शिरले की सगळे पेशंट एकजात खिडकीकडे तोंड करून. मी लिफ्टपाशी असतानाच मोबाइलवर निरोप पोचलेला असायचा. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1924 पासून असाच प्रयोग झाला. दिवे वाढवले तरी कामगारांचं काम वाढलं, कमी केले तरी वाढलं, कारण कुणीतरी बघत होतं, असं आम्हाला कोर्सवर्कला शिकवतात. (त्या आकड्यांवरही पुढे बराच वाद झाला, हे गाईडच्या धाकाने इथेही लिहिते.) मग मी युनिफॉर्म उतरवला, साधी साडी नेसले, ड्युटी नसलेल्या वेळी जाऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायला लागले. चार-दोन दिवस पोरी बिचकल्या, नंतर विसरल्या. खरं सांगायचं तर त्यांना विसरायलाही वेळ नव्हता.

तक्त्यावर आठ, दहा, बारा अशा सगळ्या वेळा एकाच पेनाने, एकाच दमात भरलेल्या असतात, हे कुठल्याही मेट्रनला माहीत असतं. त्यावर मेमो काढायचा हेही माहीत असतं. त्या दिवशी मेमो काढायचा अधिकार घरी ठेवून आले होते, म्हणून एका मुलीला नुसतंच विचारलं की बाई गं, असं का? ती म्हणाली, "मॅडम, एकटीने कूस कशी बदलू? पेशंट ऐंशी किलोचा. दुसरं माणूस लागतं. मावशी एक्स-रेला गेल्या की तासभर येत नाहीत." मग थांबून म्हणाली, "दोन तास की चार तास, ते नंतरचं. आधी दोघी कुठून आणायच्या?"

नियम दोनच्या आकड्याचा होता हे बरोबर, पण तो दोन माणसांचा. हे मेट्रनला कुणी सांगत नाही. स्टुलावर वही घेऊन बसलेल्या विद्यार्थिनीला सांगतात. माझा सिनॉप्सिस त्यानंतर बदलला, लाल शेरे दुप्पट झाले आणि गाईड पहिल्यांदा म्हणाल्या, "आता प्रश्न झाला, मॅडम."

नातेवाईक कौतुकाने आनंदीबाई जोशींचं नाव काढतात. त्यांनी 1886 साली फिलाडेल्फियाला एम.डी. पुरी केली, प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला, तेव्हा त्यांना एकविसावंही पुरं झालं नव्हतं. त्या तुलनेला मी हात जोडते. आमच्याकडचा एक निवासी डॉक्टर अधिक व्यवहारी आहे. म्हणाला, "तुमच्या नावामागे डॉ. लागलं तर पेशंटचा गोंधळ होईल हो." मी म्हटलं, काही होत नाही, गोळी लिहायला तुला बोलावतील, बेडपॅन द्यायला मला.

डॉ. लावण्याची हौस असेल तर या वाटेला येऊ नका, त्याहून स्वस्त वाटा पुष्कळ आहेत. पण वॉर्ड सांभाळून शिकायचंच म्हणणाऱ्या मैत्रिणींनो, विषय आपल्याच वॉर्डातला घ्या, गाईड वयाने लहान मिळाली तर नशीब समजा, संमतीपत्रावरची सही दुसऱ्याला घेऊ द्या. आणि आज कुणाची नाइट असेल तर शेजारच्या वॉर्डातून कुणाला तरी हाक मारा. एकटीने कूस बदलू नका, कंबर जाते.