क्विंटलचे बल्लव

बुलडाणा जिल्ह्यातले पुरुष स्वयंपाकाला घाबरतात, असं कोणी म्हणालं तर त्याला मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात न्यावं. विवेकानंद जयंतीच्या उत्सवात तिथे पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद असतो. मोकळ्या शेतात लाखाची पंगत बसते, वाढायला ट्रॅक्टर फिरतात आणि वांगी क्विंटलांत मोजतात. तिथे आमचा गडी डोक्याला दुपट्टा गुंडाळून कढईशी झुंजत असतो. चूल अंगावर आली तरी मागे हटत नाही.

हाच गडी घरी येतो. बायको लोणारला माहेरी निघालेली. जाता जाता विचारते, “दोन दिस कुकर लावून खासान ना?” गड्याच्या कपाळावर घाम. “मले नाही जमत व ते. शिट्ट्या मोजता मोजता चुकलं त?”

दोन हजार माणसांच्या वरणाला मीठ किती, हे त्याला तोंडपाठ आहे. एका माणसाच्या वरणाला किती, इथे त्याचं गणित फसतं. कमलाबाई ओगले यांनी 1970 साली ‘रुचिरा’ लिहून वाटी-चमच्याचं सोपं माप घरोघरी पोचवलं खरं. पण वाटी कोणत्या फळीवर असते हे लिहिलं नाही, अशी गड्याची तक्रार आहे. मग तो शेगाव कचोरीला शरण जातो. फाळणीत सगळं मागे टाकून आलेल्या तीरथराम शर्मांनी 1950च्या सुमारास शेगावसारख्या अनोळखी गावात कढई चढवली. आमच्या गड्याला स्वतःच्या घरात काडेपेटी सापडत नाही.

तरी त्याला भित्रा म्हणू नये. मळ्यात रोडग्यांचा बेत ठरला की तोच पहाटे उठून गोवऱ्या रचतो, कणकेचे गोळे निखाऱ्यात उलटेपालटे करतो, हात पोळला तरी हसतो. म्हणजे विस्तवाचं भय नाही. भय वेगळंच आहे. मळ्यात चार मित्र “वा भाऊ!” म्हणायला असतात, फोटो निघतो, आणि भांडी दुसरंच कोणी घासतं. मुख्य म्हणजे भंडारा वर्षातून एकदा येतो, भूक दिवसातून दोनदा. घरी एकदा चांगलं पिठलं जमलं की संध्याकाळी परत तेच काम गळ्यात पडेल, हे त्याने केव्हाच ओळखलं आहे. लोक याला भीती म्हणतात. मी याला दूरदृष्टी म्हणतो.

देशभरात असे दूरदर्शी पुष्कळ. 2019च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी 299 मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची 97. आणि ही 97 फक्त घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची. हात न लावणारे बहुसंख्य या सरासरीत नाहीतच.

उपाय सोपा आहे. घरच्या जेवणाला ‘भंडारा’ म्हणावं. ओट्याशेजारी भोंगा लावावा, देणगीदारांत गड्याचं नाव पुकारावं, कुकरला हार घालावा. शिट्टी झाली की शेजाऱ्यांनी जयजयकार करावा. पोळ्या लाटायला जागा पुरेना तर ट्रॅक्टर दारातच उभा आहे. भांड्यांचं काय, हा प्रश्न पहिल्या वर्षी काढू नये. कार्यकर्ते नाराज होतात.

तोवर गडी अक्षय्य तृतीयेची वाट पाहतो. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते. धान्याच्या रिंगणात घटावर पापड, कुरडई, पुरी, करंजी मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून वर्षाचं भाकीत सांगतात. पुरी म्हणजे पृथ्वी. ती जागेवरून गायब झाली तर जगावर संकट, हे तो पारावर तासभर समजावून सांगतो. ती पुरी लाटली कोणी, असं विचारलं की तो म्हणतो, “काहून? तिच्यात काय पाह्याचं?”