भावी भाऊ

साकोलीहून लाखांदूरकडे निघालात की भाऊ खांबाखांबावर भेटतात. पांढरा शर्ट, कपाळी टिळा, जोडलेले हात आणि खाली मजकूर: 'भावी जि. प. सदस्य'. हे भविष्य कुठं लिहिलंय, असं विचारू नये. ते फ्लेक्सवाल्याच्या वहीत आहे, उधारीच्या पानावर.

फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून' (१९६५) कादंबरीत एक धूर्त भगिनीसंघ ग्रहाग्रहांवर भाकितं पेरून ठेवतो: तारणहार येणार, त्याच्या खुणा अशा असणार. कादंबरीचा नायक पॉल त्या उभ्या पिकात आयता उतरतो. भाऊंना असा संघ कोण देणार? त्यांनी आपलं भाकीत स्वतःच पेरलं, स्क्वेअर फुटाच्या दरानं. जन्माच्या वेळी आजी काहीतरी बोलली होती, हेही त्यांना अलीकडे आठवू लागलंय. पद कुठलं ते मात्र आजीनं सांगितलं नाही. म्हणून विधानसभेला 'भावी आमदार', ती हुकली की जि. प., तीही लांबली तर सेवा सोसायटी.

पॉलला वाळवंट, तसं भाऊंना धान खरेदी केंद्र. बारदाना संपून ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावर आली की भाऊ प्रकटतात. फोन कानाला, आवाज रांगेच्या टोकापर्यंत: "साहेब, हे बरोबर नाही!" पलीकडे साहेब नसतात, हे रांगेतल्या पोरासोरांनाही ठाऊक.

"भाऊ, बारदान्याचं काय झालं जी?"

"झालंच समजा!"

इतक्या खात्रीनं 'झालंच समजा' म्हणणारा माणूस अजून मंत्री कसा नाही, याचं मला खरंच नवल वाटतं.

भाऊ कधी हरले नाहीत, कारण कधी उभेच राहिले नाहीत. २०२४ला साकोलीची विधानसभा २०८ मतांनी ठरली, तेव्हापासून तर त्यांना आवरणं कठीण झालंय. "एवढी मतं माझ्या सोयऱ्यांतच हायेत!"

मग आरक्षणाची सोडत आली. भंडारा जिल्हा परिषदेचे गट ५२, त्यांतले निम्मे महिलांचे. एका शाळकरी पोरानं चिठ्ठी काढली आणि भाऊंचा गट महिलांकडे गेला. भगिनीसंघाला हवी होती मुलगी आणि जन्मला पॉल. इथं पॉल तयार होता, तर हवी होती बाई.

रात्रीतून फ्लेक्स बदलले. वहिनींचा आधार कार्डावरचा फोटो, शेजारी भाऊंचा तिप्पट. वहिनी रोवणीला गेलेल्या. बांधावरून कुणीतरी "काय जी, भावी सदस्य!" अशी हाक मारली, तेव्हा हातातले परे तसेच धरून त्यांनी मागं वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून.